इतवारीत पाहुणे म्हणून जाऊ नका

नागपूरला जायचं ठरलं ते भेंडी चिरताना आलेल्या एका फोनवर. पलीकडे केतकी होती. केतकी नागपूरची, तिशीतली, वास्तुरचना शिकलेली. इतवारीच्या जुन्या बाजारात तिची लहानशी संस्था काम करते. दुकानांची जुनी लाकडी दारं, सज्जे, ओटे पाडून टाकण्याऐवजी दुरुस्त करायचे, त्यासाठी तिथल्याच सुतारांना आणि गवंड्यांना शिकवायचं, आणि महिन्यातून एकदा शहरातल्या लोकांना त्या गल्ल्यांमधून फिरवून आणायचं, असं त्या कामाचं स्वरूप. आमची ओळख एका शिबिरात झाली होती.

"ताई, बाकी सगळं जमतंय," ती म्हणाली, "पण आमचे दुकानदार बोलतच नाहीत. आतापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. लोकं आली की अर्धे जण शटर खाली ओढतात. उरलेले चहा पाजतात आणि गप्प बसतात."

बोलायला शिकवणं हे माझं काम. मी मिरजेत राहते. कारागिरांनी, दुकानदारांनी आपल्या कामाबद्दल चार लोकांसमोर कसं बोलावं याची छोटी शिबिरं मी गेली काही वर्षं गावोगाव घेते. विदर्भात मात्र कधी गेले नव्हते. भेंडी बाजूला ठेवली आणि गाडीची तिकिटं बघायला लागले.

तुम्ही दक्षिण महाराष्ट्रातून निघणार असाल तर कोल्हापूर–गोंदिया गाडी सोयीची. दुपारी मिरजेला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नागपूर. एका राज्यात राहूनही एवढा वेळ लागतो, ही गोष्ट नकाशावर कळत नाही, पाठीला कळते. थ्री-टायर एसीचं तिकीट दीड हजाराच्या आतबाहेर. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक पुस्तक घेतलं होतं. पुस्तक उघडलं नाही. अकोल्यानंतर डब्यातली मराठी बदलत गेली आणि मी ती ऐकत बसले. समोरच्या बाई फोनवर सांगत होत्या, "मी येऊन राहिली ना वं, कायले घाई करतं?" आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे ती आली आणि मुक्काम ठोकला. इथे ती अजून वाटेत होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

नागपूर स्टेशनवरून मेट्रोने चितार ओळी चौकात उतरलं की इतवारी चालत्या अंतरावर. तिकीट अगदी किरकोळ. 'ओळी' म्हणजे एका धंद्याची गल्ली: भांड्यांची ओळ, सराफांची ओळ, किराण्याची ओळ. मी जवळच गांधीबागेत खोली घेतली होती. साधी, स्वच्छ, दीड हजाराला, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळ. जानेवारी होता. स्वेटर लागतोच. मे महिन्यात जाण्याचं धाडस करू नका, हे मला नागपूरच्या प्रत्येक माणसाने न विचारता सांगितलं.

गुरुवारी सकाळी तर्रीपोहे खाल्ले. हे पोहे म्हणजे आपल्या ओळखीच्या पोह्यांवर चण्याचा लालजर्द रस्सा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला सवय झाली, आणि प्लेट संपल्यावर मी अजून थोडी तर्री मागितली. केतकी हसली. "आता तुम्ही इतवारीत यायला तयार झालात," म्हणाली.

ती मला थेट शोभाताईंच्या दुकानात घेऊन गेली. पितळेच्या भांड्यांचं दुकान. आम्ही पोचलो तेव्हा ते उघडत होतं. उघडणं हीच बघण्यासारखी गोष्ट आहे. या दुकानाला शटर नाही. रस्त्याकडची सगळी बाजू सागवानी फळ्यांनी बंद होते. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच आहे, तिच्यात एकेक फळी सरकवत जायचं. प्रत्येक फळीवर छिन्नीने आकडा कोरलेला, कारण एकीची जागा दुसरीला बसत नाही. पन्नाशीच्या शोभाताई आणि त्यांचे दीर विनोदभाऊ फळ्या काढत होते. दोन फळ्या ओट्यावर आडव्या टाकल्या की त्यांचंच मांडणीचं बाकडं होतं. त्यावर तांबे, पराती, समया यायला लागल्या. आतल्या अंगाला विनोदभाऊंचं स्टीलच्या डब्यांचं दुकान आहे. दुकान एकच, भाऊ दोन. शोभाताईंचे यजमान, म्हणजे विनोदभाऊंचे थोरले भाऊ, पाठीच्या दुखण्याने वर्षभर वरच्या मजल्यावरच्या घरातच असतात. पितळ तेच बघायचे. आता शोभाताई बघतात.

वाटेत येताना केतकीने मला सगळं सांगितलं होतं. विनोदभाऊंना या फळ्या काढून काचेचं दार आणि शटर बसवायचं होतं. रस्त्याकडची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायची आणि पितळ बंद करायचं. शोभाताईंना फळ्या ठेवायच्या होत्या. केतकीचे सुतार त्या दुरुस्त करून द्यायला तयार होते. विनोदभाऊ एवढंच म्हणाले होते, शनिवारची फेरी होऊ द्या, तिच्यातून काय निघतं ते पाहू, मग रविवारी दादासोबत बसून ठरवू. म्हणजे शनिवारी शोभाताई कशा बोलतात यावर त्यांचा ओटा राहतो की जातो हे ठरणार होतं. निदान आम्हा दोघींना तसं वाटत होतं.

मी दुकानभर फिरले. एक तांब्या हातात घेऊन वजन पाहिलं. नक्षीवरून बोट फिरवलं. किंमत विचारली. फळ्यांवरच्या आकड्यांचे फोटो काढले. शोभाताई मागेमागे येत होत्या, हसत होत्या, पण काही बोलत नव्हत्या. मध्येच वरून पुरुषी आवाज आला, "झाली का वं?"

"नाही अजून," शोभाताईंनी खालून सांगितलं.

काय झालं नाही, ते मला कळलं नाही. त्यांनी चहा मागवला. मी चहा प्यायले, "फार सुंदर आहे सगळं" म्हणाले, "दुपारी शिबिरात भेटू" म्हणाले आणि निघाले. पायऱ्या उतरताना विनोदभाऊ आतून म्हणाले, "घ्या! झाली बोहनी!" मला वाटलं, थट्टा करताहेत. मीही वळून हसले.

शिबिर दुपारी, एका धर्मशाळेच्या वरच्या खोलीत होतं. आठ-दहा दुकानदार आले, त्यात तीन बायका. मी नेहमीसारखी सुरुवात केली: आपल्या दुकानातली सर्वांत जुनी गोष्ट कोणती, ती सांगा. शोभाताई उभ्या राहिल्या. "आमच्याकडे भल्ला जुना गंज आहे," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या हातचा."

मी दिलासा देत म्हटलं, "असू दे, जुन्या वस्तूला थोडा गंज चढायचाच. पण पितळेला गंज चढतो का हो?"

खोलीत एकच हशा पिकला. कापडाचं दुकान असलेले एक काका डोळे पुसत म्हणाले, "ताई, गंज म्हणजे भांडं! भाजी करतो आपण, ते!" आमच्याकडे ज्याला पातेलं म्हणतात, त्याला इथे गंज म्हणतात. मग शोभाताईंनी हाताने त्याचा घेर करून दाखवला आणि त्यांची जीभ थोडी सैल झाली. मला बरं वाटलं. हसले की लोक बोलतात, असा माझा अनुभव आहे.

पण शनिवारचा विषय काढला की सगळे पुन्हा आखडून बसत. केतकीने सांगितलं, "पाहुणे दहा वाजता येणार. नंतर हातगाड्या आणि टेम्पो सुरू झाले की चालताच येत नाही."

"दहा म्हणजे जरा लवकर होते," कापडवाले म्हणाले.

"माझी त्या टायमाले पूजा राह्यते," आणखी एक जण.

"पाहुण्याईले अकराच्या नंतर आणा ना म्याडम."

दुकान दहाच्या आधी उघडतं हे मी सकाळीच पाहिलं होतं. बाहेर आल्यावर केतकी चिडली. "बघितलंत? कोणालाच नकोय. आपणच मागे लागलोय." तिच्या चेहऱ्यावर थकवा होता. ती धरमपेठेतली, शहराच्या पश्चिम अंगाची. इतवारीतले लोक तिला अजून 'धरमपेठवाल्या म्याडम'च म्हणत. त्या दिवशी जेवायला तिने घरी नेलं. तिच्या आईने सांबारवडी केली होती. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला निदान आधीच माहीत होतं. गरम वडी, सोबत ताकाची कढी.

शुक्रवारी मी रंगीत तालीम घेतली, शोभाताईंच्याच ओट्यावर, दुपारच्या निवांत वेळी. मी आणि केतकी फेरीतल्या बायका झालो. शोभाताईंनी पदर सारखा केला आणि सुरू केलं, "आमच्या प्रतिष्ठानामध्ये आपलं सर्वांचं हार्दिक स्वागत आहे. आमच्या येथे पितळी पातेली उपलब्ध आहेत."

"पातेली कोणाची?" मी विचारलं. "काल गंज होता ना?"

"पाहुण्यांपुढे गंज कसं म्हणू, ताई? चांगलं नाही दिसत."

मी त्यांना समजावत होते की तुमच्या शब्दातच बोला, पाहुण्यांना तेच आवडेल. पाहुणे असे येतील, पाहुणे असं विचारतील. तेवढ्यात आतल्या बाजूने विनोदभाऊ बाहेर आले. हातात स्टीलचा डबा होता, तो त्यांनी फळीवर ठेवला, जरा जोरातच.

"किती वेळचं ऐकून राहिलो मी. पाहुणे, पाहुणे, पाहुणे! आता तुम्हीच सांगा ताई. मांगच्या खेपेले वीस-पंचवीस लोक आले. सकाळी सकाळी, फळ्या काढून राहिलो होतो तेवढ्यात. म्याडमचा मेसेज होता, पाहुणे येऊन राहिले म्हणून. आता पाहुणे म्हटल्यावर माणूस का करन? चहा सांगतला साऱ्याईले. त्यायनं सारं दुकान हातात घेऊन पाह्यलं, फोटो काढले, 'ब्युटिफुल, ब्युटिफुल' केलं अन् चालले गेले. बोहनी गेली पाण्यात. दिवसभर माशा मारत बसलो आम्ही."

केतकी गोंधळली. "पण भाऊ, तुम्ही त्यांना काही घ्या म्हणायचं ना."

"पाहुण्याले? पाहुण्याले विकते का कोणी?" ते खरोखर चकित झाले होते. "तुमच्या धरमपेठेत विकत असन!"

शोभाताई खाली बघून म्हणाल्या, "लाज वाटते ना वं. घरी आलेल्या माणसाले कसं म्हणाव, का काही तरी घे म्हणून. अन् आधी बोहनी नाही झाली, त कोणाले रिकाम्या हातानं जाऊ देणं बी बरं नाही. म्हणून बाकीचे शटर खाली करते. मले त शटर बी नाही."

त्या शेवटच्या वाक्यावर विनोदभाऊंना हसू आलं. "तेच त म्हणून राहिलो मी. शटर लावा!"

मी ओट्यावर बसून राहिले. आमच्याकडे बोहनीला भवानी म्हणतात. मिरजेच्या मंडईत भाजीवाली सकाळची पहिली नोट कपाळाला लावते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. भवानी झालेली नसताना उगाच भाव विचारून पुढे जाऊ नये, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. आणि तरी गुरुवारी मी इथे येऊन तांब्या हातात घेतला, किंमत विचारली, चहा प्यायले आणि निघून गेले. कारण हे दुकान आहे हे मी विसरलेच होते. मला फळ्या दिसत होत्या, सागवान दिसत होतं, कोरलेले आकडे दिसत होते. आणि वरून विचारलं जात होतं ते 'झाली का' याच बोहनीबद्दल होतं.

शोभाताईंनी नंतर सांगितलं. त्यांचे यजमान दुकानात बसायचे तेव्हा पहिली विक्री झाली की सासऱ्यांच्या हातच्या त्या जुन्या गंजावर पळीने एक टोला द्यायचे. आता ते वर पडून असतात. टोला ऐकू आला की मग सकाळचा दुसरा चहा घेतात. "काल तुम्ही गेल्यावर किती तरी वेळ वाजलाच नाही," शोभाताई म्हणाल्या. बोलण्यात तक्रार नव्हती. मला वाटतं, पाहुण्यांपुढे तक्रार करत नाहीत म्हणून.

परत जाताना केतकी फोनमधले आपले जुने निरोप चाळत होती. मग एकदम म्हणाली, "सगळ्या मेसेजमध्ये मी 'पाहुणे' लिहिलंय, ताई. मला वाटलं, आदराचा शब्द आहे."

"आदराचाच आहे," मी म्हटलं. "म्हणूनच तर पंचाईत झाली."

खोलीवर आल्यावर मी स्वतःबद्दल थोडा विचार केला. मीही सगळीकडे पाहुणी होऊन राहणारी बाई आहे. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी सासरच्या गावी मी पाहुण्यासारखी नीट बसते, वाढलं ते खाते, सगळ्याला छान म्हणते. त्यात कोणाला त्रास नसतो. पण कोणाला माझ्याकडून काही मागताही येत नाही. एवढं लिहून पुढे जाते.

त्याच संध्याकाळी केतकीने फेरीला येणाऱ्यांना नवा निरोप पाठवला: "उद्या कोणीही पाहुणा नाही. सगळे गिऱ्हाईक. पिशवी आणा. घासाघीस येत नसेल तर तिथे शिकवली जाईल." आणि दुकानदारांना फक्त: "उद्या दहाला गिऱ्हाईक येऊन राहिले."

शनिवारी दहाला भांड्यांच्या ओळीत एकही शटर खाली नव्हतं. दहाला पूजा असते म्हणणाऱ्यांची पूजाही आटोपली होती. फेरीला वीसेक लोक होते, बहुतेक पश्चिम नागपूरचे, निम्म्यांच्या पायात धावायचे बूट. एका गृहस्थांनी सुरुवातीलाच विचारलं, "हा हेरिटेज वॉक आहे की शॉपिंग?" आणि पहिल्या चौकातूनच परत गेले. केतकीचा चेहरा उतरला, पण ती थांबली नाही.

पहिला थांबा शोभाताईंचा. फळ्या नुकत्याच निघाल्या होत्या. शोभाताई अवघडून उभ्या होत्या, हात पदराला पुसत. बुटांतल्या एका तरुणाने एक छोटा तांब्या उचलला आणि भाव विचारला. शोभाताईंनी तो काट्यावर ठेवला, वजन पाहिलं आणि आकडा सांगितला.

"ओके," म्हणत त्याने पैसे पाठवायला फोन काढला.

शोभाताईंनी क्यूआर कोडची पाटी आपल्याकडे ओढून घेतली. "ओके का? कमी करा म्हणा ना."

"किती कमी?"

"ते बी मीच सांगू का? मम्मीसंग कधी बाजारात नाही गेले का तुम्ही?"

लोक हसले. तरुण लाजला. "बरं, दहा रुपये कमी करा."

"दहा? अरे बाप्पा! मेथीची जुडी घेऊन राहिले का? मांगा ना नीट!"

मग कोणी मागून त्याला सुचवू लागलं, कोणी शोभाताईंच्या बाजूने झालं. शेवटी दोघांनी मिळून आकडा ठरवला. पैसे आले. शोभाताईंनी फोन कपाळाला लावला. मग पळी उचलली आणि कोपऱ्यातल्या जुन्या गंजावर टोला दिला. टण्ण! आवाज लांबत लांबत गल्लीभर गेला.

वरून विचारणा झाली, "झाली का वं?"

"झाली! धरमपेठच्या माणसाची झाली!"

"हे काय होतं?" एकीने विचारलं. आणि शोभाताई बोलायला लागल्या. टोला कशाचा, गंज कोणी घडवला, पितळ हातावर ठोकायचं तेव्हा गल्लीत कसा आवाज असायचा, फळी चुकीच्या खाचेत अडकली तर सकाळ कशी वाया जाते. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या गंजाकडे बघून हळहळल्या, "आमच्या घरी अगदी असाच होता. मोडीत देऊन टाकला."

"कोणाले देला?" शोभाताईंनी ताबडतोब विचारलं. "आमच्याचकडे देला असन! मांगच्या मोडीत पाहू का?"

तालमीतलं एकही वाक्य त्यांनी वापरलं नाही. स्वागत नव्हतं, प्रतिष्ठान नव्हतं. बोलणं विकण्याच्या मधूनमधून येत होतं आणि जास्त विकलं जात होतं म्हणून आणखी येत होतं. तिकडे आत शिबिराला एकदाही न बसलेले विनोदभाऊ एका बाईंना स्टीलचा पत्रा जाड कसा ओळखायचा हे इतक्या तपशिलात सांगत होते की केतकीला त्यांना थांबवावं लागलं. फेरी पुढे निघायला उशीर झाला. मीसुद्धा एक मध्यम गंज घेतला. घासाघीस केली. शोभाताईंनी अजिबात दया दाखवली नाही.

सगळे गेल्यावर मी विनोदभाऊंकडे बघितलं. त्यांना माझा प्रश्न कळला.

"एका दिवसाच्या बोहनीनं दुकान चालत नाही, ताई," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "महिन्यातून एक शनिवार येईन तुमचे लोक. बाकीचे दिवस मोबाइलवाल्याचं भाडं तर बांधलेलं आहे. पाहू. उद्या दादासंग बसून राहिलो."

त्यांचं चूक नव्हतं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण जुन्या बाजारांबद्दलच्या लिखाणात शटर लावणारा माणूस नेहमी खलनायक असतो.

रविवारी मी रामटेकला गेले. गणेशपेठच्या एसटी स्टँडवरून गाड्या मिळतात, साधारण दीड तास लागतो. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं. डोंगरावरच्या राममंदिरापर्यंत वाहन जातं, पण पायऱ्यांनी चढा. माकडांपासून पिशवी सांभाळा, माझी केळी गेली. वरून खाली तलाव दिसतो, गाव दिसतं. मी कट्ट्यावर बसून संत्रं सोललं. तिकडे इतवारीत दोन भाऊ आणि एक बाई त्याच वेळी बसले असतील, हे डोक्यातून जात नव्हतं. देवळात मी मागितलं, पण नक्की काय मागावं ते कळेना. सगळ्यांचं बरं होऊ दे, असं काहीतरी मोघम म्हणून आले.

संध्याकाळी शोभाताईंना फोन करावासा वाटला. केला नाही. घरातली बोलणी चालू असताना बाहेरच्याने विचारू नये. सोमवारी परतीची गाडी सकाळी अकराच्या सुमाराला होती. स्टेशनवर जाण्याआधी मी वाट वाकडी करून भांड्यांच्या ओळीतून गेले. फळ्या अजून बंद होत्या, सगळ्या आपापल्या आकड्यांसह जागेवर. मी उभी राहिले, मग गाडी चुकेल म्हणून निघाले. केतकी स्टेशनवर आली होती. तिलाही काही कळलं नव्हतं. तिने गाडीत खायला संत्राबर्फी दिली. ती मनमाडच्या आत संपली.

घरी नवऱ्याने पिशवी उघडली. "लोक नागपूरहून संत्री आणतात. तू पातेलं आणलंस?"

"गंज," मी म्हटलं.

"कुठे?" म्हणत त्याने भांडं उजेडात धरून फिरवून पाहिलं.

हिशेब करायचा तर प्रवास, खोली, खाणं आणि गंज मिळून एका बऱ्या सहलीइतका खर्च झाला. नागपूरला जाणार असाल तर इतवारीला एक पूर्ण सकाळ द्या. दहाच्या आत पोचा, पिशवी न्या आणि पहिल्या दुकानात शिरलात तर काहीतरी घ्याच, एक चमचा का होईना. माझ्यापाशी काय उरलं म्हणाल तर ती एक सवय. आता मिरजेच्या मंडईत सकाळी कोणाच्या पाटीपुढे थांबले की आधी विचारते, "भवानी झाली का?" बायका चमकून बघतात आणि मग बोलतात. सासरच्या गावी परवा गेले तेव्हा जाऊबाईंना स्वतःहून म्हटलं, "मला लोणच्याची बरणी भरून द्या, घेऊन जाणार आहे." त्या लगेच उठल्या. मग दोन बरण्या काढल्या.

आठवडा गेला. एका सकाळी फोन वाजला. शोभाताई.

"काय करून राहिल्या, ताई?"

"भाजी चिरतेय. तुमचं काय झालं?" मला आडवळणाने विचारणं जमलंच नाही.

"काल सुतार येऊन गेला. दोन फळ्या नव्या टाकून राहिला." पाठीमागे लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येत होता. "भाऊजीनं गल्लीकडची भिंत फोडून तिकडं शटर केलं. मोबाइलवाला तिकडं बसन. भाडं कमी येईन, पण येईन. रस्त्याकडचं पितळाचं राहिलं. दिवाळीपर्यंत पाहू म्हणते भाऊजी."

"बोहनी झाली?" मी विचारलं.

"नाही ना वं अजून. आताच फळ्या काढल्या. ते वरून दोनदा विचारून राहिले."

मी सुरी खाली ठेवली. "मला एक समई हवी होती. त्या दिवशी ओट्यावर डावीकडे होती ती. फोनवरची बोहनी चालते का?"

"पैसे फोनवर चालते, त बोहनी काहून नाही चालन?"

त्यांनी भाव सांगितला. मी कमी करायला सांगितलं. त्या भांडल्या. मी भांडले. जमलं. पैसे पाठवले.

"थांबजो," त्या म्हणाल्या, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग टण्ण! इतक्या लांबून, फोनमधून, तरी माझ्या ओट्यावरच्या गंजाला हात लावून बघावंसं वाटलं.

वरून लांबचा आवाज आला, "कोण आलं वं?"

"गिऱ्हाईक!" शोभाताई ओरडल्या. "मिरजचं गिऱ्हाईक!"